हेमांगीचं वाण

"पद्मजाताई, यंदाचं हळदीकुंकू माझ्याकडे," हेमांगी दारातूनच म्हणाली. बूट काढायच्या आधी, टोपीवरचा बर्फ झटकायच्याही आधी.

मी उलथनं हातात घेऊन उभी. मागं गॅसवर तीळ तडतडत होते. "अगं, आत तर ये आधी," म्हटलं आणि तिच्या कोपराला धरून तिला स्वयंपाकघरात आणली. बाई आठ महिन्यांनी माझ्या दारात आली होती. तिला खुर्ची द्यावी, चहा द्यावा की मिठी मारावी, काही सुचेना. शेवटी गॅस बंद केला.

या गोष्टीला आता सात वर्षं होतील. तेव्हा आम्ही ओहायोतल्या एका उपनगरात राहायचो, अजूनही तिथंच आहोत. पंचवीस-तीस मराठी घरं, एक मंडळ, आणि मंडळात तीन गट. हेमांगी टिपणीस कुठल्याच गटात नव्हती. ठाण्याची, कमी बोलणारी, शाळेत गणित शिकवणारी. आदल्या मे महिन्यात तिचा एकुलता एक मुलगा गेला. निहार. एकोणीस वर्षांचं पोर, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा चालू असताना वसतिगृहाच्या खोलीत गेलं. "हृदयात जन्मापासून बारीक दोष होता, कुणाला कळलाच नाही," असं तिच्या नवऱ्यानं, मिलिंदनं, प्रत्येकाचे हात हातात धरून सांगितलं होतं. आम्ही ऐकलं, रडलो, महिनाभर डबे पोचवले. मग हेमांगीनं फोन उचलायचं बंद केलं.

"अगं, वर्ष नाही झालं अजून," मी जमेल तेवढ्या हळू म्हणाले. मला हळू बोलता येत नाही. मिरजेची आहे मी.

"माहितीये."

"वर्षाच्या आत घरात सण करत नाहीत गं. तिळगूळसुद्धा दुसऱ्यांनी आणून द्यायचा. लोक काय म्हणतील?"

"वर्ष संपेल मेमध्ये, ताई. म्हणजे पुढची संक्रांत. तोवर मुलांच्या अजून दोन परीक्षा होतील."

परीक्षांचा आणि संक्रांतीचा काय संबंध, मला कळेना. दुःखानं बाईचं डोकं जरा इकडंतिकडं झालंय, असं मी मनात म्हटलं. खोटं कशाला सांगू.

"मला तुमच्याकडून दोनच गोष्टी हव्यात," ती म्हणाली. "सगळ्यांना फोन तुम्ही करा. मी केला तर कुणी येणार नाही. तुम्ही सांगितलं तर येतील."

ते खरं होतं. आणि का खरं होतं तेही सांगते, कारण पुढं सगळं त्यावरच येतं. माझे वडील मिरजेत एका मोठ्या डॉक्टरांकडं कंपाउंडर होते. मला अक्षरओळख पाटीवर कमी आणि औषधांच्या बाटल्यांवर जास्त झाली. अमेरिकेत आले तरी ती खोड गेली नाही. दर खेपेला भारतातून येताना माझी अर्धी बॅग गोळ्यांची. तापाच्या, घशाच्या, पोटाच्या, अंगदुखीच्या. बिस्किटांच्या निळ्या डब्यात बाकीच्या बायका सुईदोरा ठेवतात, मी गोळ्या ठेवायची. इथं डॉक्टरची वेळ मिळेपर्यंत एक तर दुखणं बरं होतं, नाहीतर माणूस हाय खातं. मग फोन यायचे. "पद्मजाताई, घसा धरलाय." "पद्मजाताई, ह्यांची कंबर." मी डबा घेऊन निघायची. सहलीला, गणपतीला, नाटकाच्या तालमीला डबा माझ्यासोबत. आमचे हे, शांतिनाथ, नावासारखेच शांत, तेवढं म्हणायचे, "निघाला फिरता दवाखाना." मला त्याचा अभिमान होता. गावभरची पोरं मला पद्मामावशी म्हणायची आणि गावभरच्या बायका माझं ऐकायच्या.

"आणि दुसरी गोष्ट?" मी विचारलं.

"वाण कसलंही असलं तरी ते परत करायचं नाही, एवढं त्यांना सांगा."

"अगं, वाण कधी कुणी परत करतं का? रोहिणीनं त्या वर्षी मोबाइल ठेवायचे ते वाकडे स्टँड लुटले. सगळ्यांच्या गॅरेजमध्ये धूळ खात पडलेत. पण परत केलं का कुणी? काय देणार आहेस?"

"त्या दिवशी बघा," म्हणाली, आणि चहा न पिता गेली.

दोन दिवस फोनवर होते मी. निम्म्या जणी गप्प झाल्या, निम्म्यांनी "अगं बाई!" केलं. सगळ्यात जास्त वाजली ती रोहिणी हुद्दार, आमच्या मंडळाची अध्यक्ष.

"पोटचा मुलगा जाऊन वर्ष नाही आणि हळदीकुंकू? मिलिंदला तरी चालतंय का हे?"

"ते मला ठाऊक नाही."

"मग मी नाही येणार. मला नाही बघवणार."

"तुझी अर्धशिशीची गोळी संपली असेल ना? मी हेमांगीकडं घेऊन येते. तिथंच घे."

"तुम्ही मला दमात घेताय, पद्मजाताई."

"हो," मी म्हणाले. "शनिवारी तीन वाजता. काळी साडी."

शनिवारी तीस-एक जणी जमल्या. कोटांचा ढीग पायऱ्यांपाशी, बुटांचा ढीग दाराशी, आणि आत दिवाणखान्यात काळ्या साड्याच साड्या. नेहमी आमच्या हळदीकुंकवात कान किटतात. त्या दिवशी सगळ्या जणी सोफ्याच्या कडेवर टेकून कुजबुजत होत्या. भिंतीतल्या शेकोटीच्या वरच्या फळीवर निहारचा फोटो होता. हार नव्हता. वरच्या मजल्यावर कुणीतरी येरझाऱ्या घालत होतं, ते खाली ऐकू येत होतं. मिलिंद घरात होता.

"त्यांना मान्य नाहीये," हेमांगी मला स्वयंपाकघरात म्हणाली होती. "त्यांच्या आईला ठाण्यात अजून काही माहीत नाही. म्हणतात, झाकली मूठ राहू दे."

कुठली मूठ, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, हळदीकुंकवाबद्दलच बोलतेय.

हेमांगी साधी काळी सुती साडी नेसली होती. एकेकीपुढं वाकून ती हळद लावत होती, कुंकू लावत होती, हातावर तिळगूळ ठेवत होती. मी मागं ताट धरून. तिचा हात एकदाही हलला नाही. मी स्वतः इतकी बडबडी, पण नुसतं ताट पुढं करत होते. आणि ही बाई तीस कपाळांवर तीस गोल टिकल्या लावत गेली, शाळेत फळ्यावर आकडे लिहावेत तशी. तिच्यात हे बळ कुठून आलं, मला आजही सांगता येत नाही.

मग तिनं कोपऱ्यातलं खोकं उघडलं आणि वाण वाटायला लागली. तळहाताएवढा पांढरा पुठ्ठ्याचा डबा, प्रत्येकीला एक.

"अय्या, काय गं हे? सेंट आहे का?" एकीनं विचारलं.

"नाकात मारायचा फवारा दिसतोय. सर्दीचा असेल."

"बरं झालं बाई. या बर्फात हेच उपयोगी वाण," कुणीतरी म्हणालं आणि दोघी-तिघी हसल्या. तेवढंच वातावरण सैल झालं. मलाही हायसं वाटलं.

रोहिणीनं चष्मा लावून डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. तिचा चेहरा बदलला.

"हेमांगी," ती म्हणाली, "हे गर्दुल्ल्यांचं औषध आहे."

"हो," हेमांगी म्हणाली. "गर्दुल्ल्यांचं आहे. आणि निहारचंही होतं. त्याला मिळालं नाही."

वरच्या मजल्यावरची पावलं थांबली.

"निहारचं हृदय ठणठणीत होतं," हेमांगी म्हणाली. ती उभीच होती, हातात रिकामं खोकं. "परीक्षेच्या आधी दोन रात्री जागला होता. त्याच्या मजल्यावरच्या मित्रानं त्याला एक गोळी दिली. अभ्यासात लक्ष लागतं म्हणून मुलं घेतात ती. रंग तोच, आकार तोच, वरचा छाप तोच. पण ती कारखान्यातली नव्हती. कुणीतरी साच्यात घालून घरी बनवली होती, आणि आत फेंटानिल होतं, अफूच्या जातीचं जहाल रसायन. मिठाचे दोन-चार दाणे असतील, तेवढं. वास नाही, चव नाही. तेवढ्यानं माणसाचा श्वास थांबतो. मित्रालाही माहीत नव्हतं. त्यानं ती फोनवरून कुणाकडून तरी मागवली होती. त्याला ती खरीच वाटत होती."

"पण मिलिंद तर म्हणाले..." कुणीतरी बोललं आणि गप्प झालं.

"दुपारची वेळ होती. खोलीतला दुसरा मुलगा आला तेव्हा निहार घोरत होता. घरघर, घरघर. तो म्हणाला, झोपू दे, दोन रात्री जागलाय. आणि दार लोटून जेवायला गेला." हेमांगीनं श्वास घेतला. "ते घोरणं नव्हतं. श्वास अडकत होता. खालच्या मजल्यावर भिंतीवरच्या पेटीत हाच फवारा होता, नाकात मारला की फेंटानिल उतरतं आणि श्वास परत येतो. दोन मिनिटांचं काम होतं. पण तो आवाज कसला असतो, हे त्या मुलाला कुणी सांगितलंच नव्हतं. मला तरी कुठे माहीत होतं?"

मला आठवलं. ऑक्टोबरमध्ये लायब्ररीत मंडळाचं एक व्याख्यान झालं होतं, 'तरुणाई आणि व्यसनं'. आम्ही चार जणी गेलो होतो. हेमांगी शेवटच्या रांगेत बसली होती. मी बटाटेवडे घेऊन गेले होते आणि व्याख्यान संपायच्या आधी निघाले, आपल्यात कुठं असलं काही असतं, म्हणून. ते व्याख्यान कुणी ठरवलं होतं, हे माझ्या डोक्यात त्या क्षणी शिरलं.

"व्याख्यानाला कुणी येत नाही," हेमांगी म्हणाली. जणू माझ्या मनातलं वाचत होती. "हळदीकुंकवाला येतात. पत्रक कचऱ्यात टाकतात. वाण टाकत नाहीत. म्हणून बोलावलं. आता घरी न्या आणि मुलांना दाखवा. एवढंच मागायचं होतं."

मी त्या बाईकडं बघत राहिले. सात वर्षं झाली, मी अजून तिच्याकडं तशीच बघते. सगळ्या मराठी बायकांना एका खोलीत आणायचं आणि त्यांच्या हातात नको असलेली गोष्ट ठेवायची, तीही त्यांना नाही म्हणता येऊ नये अशी. आठ महिने ही बाई घरात बसून हे जुळवत होती, आणि आम्ही म्हणत होतो, बिचारी खचली.

पण जुळवलेलं सगळं उसवायला लागलं. आधी एक जण उठली, मुलीला क्लासवरून आणायचंय म्हणून. मग तिच्याबरोबर आलेली उठली. रोहिणीनं तिचा डबा टीपॉयवर ठेवला. आपटला नाही, नीट ठेवला, ते जास्त लागलं.

"हेमांगी, मला फार वाईट वाटतंय," ती म्हणाली. "खरंच. पण हे मी घरात नाही नेऊ शकत. ईशाननं विचारलं तर काय सांगू? आमच्या घरात असलं काही नाही. आणि राग मानू नकोस, पण दुसऱ्यानं दिलेली गोळी तोंडात टाकायला आपली मुलं काय वेडी आहेत? आपण तसं शिकवलेलं नाही त्यांना."

दोन-तीन माना हलल्या. आणखी दोन डबे टीपॉयवर आले. माझ्या डोळ्यांदेखत वाण परत होत होतं.

हेमांगीनं बोलायला तोंड उघडलं. मग तिची नजर माझ्याकडं गेली आणि तिनं तोंड मिटलं. अगदी एवढंसं घडलं. पण मी कंपाउंडरची पोर, रोग्याचा चेहरा वाचत वाढलेली. ती काहीतरी गिळत होती, आणि ते माझ्याबद्दल होतं.

"माझ्याकडं काय बघतेस?" मी म्हणाले. "बोल की."

"नको, ताई."

"बोल म्हणते ना!"

ती बोलली. माझ्याकडं न बघता, हातातल्या खोक्याकडं बघत.

"एप्रिलमध्ये फोनवर बोलताना सहज म्हणाला, आई, काल मित्रानं एक गोळी दिली, मस्त अभ्यास झाला. मी ओरडले. म्हटलं, दुसऱ्याची गोळी घेतलीस? तर हसला. म्हणाला, काय गं आई, पद्मामावशीचा डबा नाही का? सगळे घेतातच की. तसंच." ती थांबली. "आणि मी गप्प बसले. मला पटलं ते. तीन आठवड्यांनी गेला."

सगळ्या जणी माझ्याकडं वळल्या.

पहिल्यांदा मला राग आला. खरं सांगते, रागच आला. माझ्या गोळ्या मिरजेच्या दुकानातल्या, पाकिटातल्या, कंपनीच्या नावाच्या. वीस वर्षांत एकाला कधी साधं पुरळ उठलं नाही. कुठल्या तरी नतद्रष्टानं विष कालवलं आणि नाव माझ्या डब्याचं? हे सगळं जिभेवर आलं होतं. यातला शब्द न् शब्द खरा होता. तेवढं बोलले असते तर माझी सुटका झाली असती, आणि खोलीतल्या सगळ्यांचीही. कोट चढवून, एकमेकींची समजूत घालत, आपापल्या शहाण्या मुलांकडं गेल्या असत्या. आणि हेमांगी त्या टीपॉयवरच्या डब्यांसमोर उरली असती.

निहार सहा वर्षांचा असताना गणपतीत त्याला ताप भरला होता. मी डबा उघडला होता, अर्धी गोळी मोडली होती आणि चमच्यात पाण्यात विरघळवून त्याला पाजली होती. त्यानं कडू तोंड करून विचारलं होतं, "मावशी, तू डॉक्टर आहेस?" मी म्हणाले होते, "डॉक्टरपेक्षा भारी."

"हात वर करा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "माझ्या डब्यातली गोळी जिनं कधीच घेतली नाही, तिनं हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

"पोरांना दिली नाही, अशी कोण आहे? न विचारता, कसली ते न बघता, पद्मजाताईनं दिली ना मग घे, असं जी म्हणाली नाही?"

मी रोहिणीकडं वळले. "तुझ्या पर्समध्ये आत्ता माझी गोळी आहे. तासाभरापूर्वी दिलीय मी. सुटी, कागदात बांधून. नाव माहीत आहे तुला तिचं?"

रोहिणी पर्स छातीशी धरून उभी.

"नाही ना? ईशानसमोर घेतेस ना ती? मग आपण काय शिकवलं नाही म्हणतेस? आपणच शिकवलं. ओळखीच्या माणसानं दिली की तोंडात टाकायची, हे मी शिकवलं सगळ्या गावाला. मला तेव्हा फार मोठं काम केल्यासारखं वाटत होतं." मला रडू फुटलं, पण बोलणं काही थांबेना. "त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला गं. म्हणून मित्रावर ठेवला."

मग रोहिणी पुढं आली, टीपॉयवरचा डबा उचलला आणि खाली गालिच्यावर बसली. क्लासवरून मुलीला आणायला निघालेली दारातून परत फिरली. कुणी काही सांगितलं नाही, पण सगळ्या जणी खाली बसल्या, लग्नात पंगतीला बसतात तशा.

"कसं वापरायचं हे?" रोहिणीनं विचारलं.

हेमांगीनं पदर खोचला. पदर खोचल्यावर ती पुन्हा शाळेतली बाई झाली. तिच्याकडं सरावाचा एक रिकामा फवारा होता. काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, आरोग्य कार्यालयात ती चार वेळा जाऊन शिकून आली होती, आणि हे सगळे डबे तिथूनच तिनं मागून आणले होते.

"कुणीतरी आडवं झोपायला हवं," ती म्हणाली.

कुणी पुढं होईना. हळदीकुंकवाच्या दिवशी, कपाळावर ताजं कुंकू, आणि मेल्यासारखं झोपायचं? मलाही धजवेना. तरी मी गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागले.

"मी झोपतो."

मिलिंद जिन्यावर उभा होता. किती वेळ उभा होता देव जाणे. हळदीकुंकवात पुरुष फिरकत नाहीत, पण कुणाच्याही ते ध्यानात आलं नाही. तो खाली आला, आमच्यामधून वाट काढत मध्यभागी आला. हेमांगी त्याच्याकडं बघत राहिली. तिनं हे जुळवलेलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मी तुम्हा सगळ्यांना खोटं सांगितलं," तो म्हणाला. "हात हातात धरून सांगितलं. मला लाज वाटत होती. मुलाची नाही. आपल्याला कळलं नाही, याची." मग तो गालिच्यावर उताणा झोपला आणि त्यानं डोळे मिटले.

हेमांगी त्याच्याजवळ गुडघे टेकून बसली.

"पहिली गोष्ट," ती म्हणाली. "माणूस असा पडलेला दिसला, ओठ काळेनिळे दिसले, श्वासाची घरघर ऐकू आली, तर झोपलाय असं समजायचं नाही. हाक मारायची. मोठ्यानं. नावानं."

तिनं हाक मारायला तोंड उघडलं. आवाज फुटेना. तीस कपाळांवर कुंकू लावताना जी हलली नव्हती, ती तिथं थांबली. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा नाही.

मिलिंद डोळे न उघडता म्हणाला, "त्याच्या नावानं मार, हेमा."

"निहार!" हेमांगीनं हाक मारली. "निहार! ऊठ! निहार!"

असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. तो रडण्याचा नव्हता. खेळायला गेलेल्या पोराला जेवायला बोलवतात तशी खणखणीत, उत्तर येणारच अशा खात्रीची हाक होती. आठ महिने तिनं ती दाबून ठेवली असावी. देवळात गेल्यावर मला कधी हात जोडावेसे वाटले नाहीत एवढे तेव्हा वाटले.

"उठला नाही," हेमांगी म्हणाली, परत तिच्या वर्गातल्या आवाजात. "आता मूठ वळायची आणि छातीच्या हाडावर जोरानं घासायची. अशी. तरी उठला नाही. नऊ-एक-एकला फोन. पोलीस येतील, लोक काय म्हणतील, याचा विचार करायचा नाही. मान मागं. फवाऱ्याचं टोक एका नाकपुडीत पूर्ण आत, आणि हा खटका दाबायचा. मग तोंडानं श्वास देत राहायचं. श्वास सुरू झाला की कुशीवर वळवायचं. तीन मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा फवारा. डब्यात दोन आहेत. आणि आपला अंदाज चुकला, त्यानं असलं काही घेतलंच नव्हतं, तरी यानं अपाय होत नाही. घाबरायचं नाही."

मिलिंदच्या मिटलेल्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडं ओघळत होतं. त्यानं ते पुसलं नाही, कारण तो बेशुद्ध होता.

"आता तुम्ही," हेमांगी म्हणाली. "बघून येत नाही. एकेकीनं करायचं."

पहिली रोहिणी आली. भरजरी काळ्या पैठणीत गुडघ्यांवर बसली. हेमांगीनं फवारा तिच्या हातात दिला.

"हाक," हेमांगीनं आठवण केली.

"मिलिंदभावजी..." रोहिणीनं सुरुवात केली आणि थांबली. तिनं हेमांगीकडं पाहिलं. मग खाली पाहिलं. आणि तिचा आवाज फाटला. "ईशान! ईशान, डोळे उघड! ए ईशान!"

त्यानंतर कुणाला सांगावं लागलं नाही. एकेक जण पुढं येत गेली. "सावनी! सावनी!" "अथांग, ऊठ रे, ऊठ!" एक नुकतीच बाळंत झालेली पोरगी होती, तिचं बाळ पाच महिन्यांचं, शेजारच्या खोलीत बाबागाडीत झोपलेलं. तिनंही त्याच्या नावानं हाक मारली आणि हाक मारता मारता छाती घासली, मान मागं केली, खटका दाबला. दुसऱ्या कुणाचं पोर गर्दुल्लं आहे की नाही, हा प्रश्न त्या खोलीत शिल्लक राहिला नव्हता. तीस बायका आपापल्या पोराला मरणाच्या दारातून ओरडून बोलवत होत्या, आणि एक बाप सगळ्यांचं पोर होऊन निपचित पडून होता. बाहेर बर्फ पडत होता. रडत होत्या सगळ्याच, पण हात कुणाचा चुकत नव्हता. चुकला तर हेमांगी म्हणायची, "पुन्हा."

शेवटची मी.

आम्हाला मूलबाळ नाही. हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मी कुणाच्या नावानं हाक मारणार, म्हणून सगळ्या जणी माझ्याकडं बघायला लागल्या. मी गुडघे टेकले. मिलिंदचं कपाळ अगदी निहारसारखं होतं, हे इतक्या वर्षांत माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"निहार," मी म्हणाले. "निहार, ऊठ बाळा. मावशी आलीय."

पुढं मला काही करता येईना. फवारा हातात, आणि मी नुसती हाका मारत राहिले. निहार, निहार. माझ्यानं थांबवेना.

हेमांगीनं माझं मनगट धरलं. घट्ट धरलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, दयाही नव्हती.

"नुसत्या हाकेनं तो उठत नाही, ताई," ती म्हणाली. "मान मागं करा. फवारा मारा."